पुढची बाजू कोणती?

आज आधी कागद-पेन्सिल घ्या. अंदाजे तीन सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. तेवढाच दुसरा चौरस थोडा वर आणि थोडा उजवीकडे काढा. दोन्ही एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत. आता पहिल्याचा प्रत्येक कोपरा दुसऱ्याच्या त्याच कोपऱ्याला तिरक्या रेघेने जोडा. झाला तारेचा ठोकळा!

असाच ठोकळा मी चौथीच्या वर्गात फळ्यावर काढला होता. "पुढची बाजू कोणती?" असं विचारलं. सगळे ओरडले, "खालचा चौरस!" मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र उठून म्हणाला, "नाही बाई, वरचा." वर्ग हसला. मीही म्हटलं, "नीट बघ जरा. बस खाली." तो बसला. पुढे तासभर त्याने हात वर केला नाही.

रात्री दुसऱ्या दिवशीचं टाचण काढताना तोच ठोकळा वहीत काढला आणि बघत राहिले. काय आश्चर्य! खालचा चौरस मागे गेला, वरचा पुढे आला! मघाशी ठोकळा वरून बघतेय असं वाटत होतं, आता खालून बघितल्यासारखा दिसू लागला. पेन्सिल तर मी लावलीच नव्हती!

ही गंमत लुई नेकर या स्विस शास्त्रज्ञाने १८३२ साली लिहून ठेवली. स्फटिकांच्या आकृत्या बघताना त्या अचानक उलटतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून या आकृतीला 'नेकरचा ठोकळा' म्हणतात.

असं का होतं? कागद सपाट असतो. त्यावर पुढे काय, मागे काय, हे मेंदूला ओळखावं लागतं. एरवी सावली असते, पुढची वस्तू मागचीला झाकते, त्यावरून मेंदूला अंदाज येतो. इथे तशी एकही खूण नाही. दोन्ही उत्तरं सारखीच बरोबर! पण मेंदू दोन्ही एकदम दाखवत नाही. एका वेळी एकच दाखवतो, आणि थोड्या वेळाने बदलतो. का बदलतो, याबद्दल शास्त्रज्ञांचा एक तर्क असा आहे की, एक उत्तर धरून ठेवणाऱ्या मेंदूतल्या पेशी दमतात, मग दुसऱ्या उत्तराच्या पेशी जोर करतात. आणखी एक गोष्ट. दुसरं चित्र आहे हे माहीतच नसेल, तर पुष्कळांना ते आपणहून दिसतही नाही. आमच्या वर्गाचं तेच झालं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ठोकळा काढला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "काल याचं बरोबर होतं. तुमचंही बरोबर होतं. चुकले ते मी, कारण मी थांबून बघितलंच नाही." मग सगळा वर्ग टक लावून बघू लागला. "उलटला, बाई, उलटला!" असा एकच गलका झाला. सगळ्यांत मोठा आवाज मागच्या बाकावरून आला.

तुम्हीही एक मिनिट बघा आणि ठोकळा किती वेळा उलटतो ते मोजा. मग एकच बाजू पुढे धरून ठेवायचा प्रयत्न करा. जमतं का? आई-बाबांनाही बघायला लावा. त्यांचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं, तर भांडू नका हं! थोडं थांबून पुन्हा बघा.