पाळी गेली, आता चालायचे कधी?



मूल होण्याचे वय संपले की आरोग्ययंत्रणेच्या लेखी बाईही संपते. पन्नाशीनंतरची बाई दवाखान्यात येते ती नातवाला डोस पाजायला नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला. तिच्या स्वतःच्या शरीराविषयी तिला कोणी विचारत नाही. हे संपादकीय तिच्याविषयी आहे. विषय स्तनाच्या कर्करोगाचा, आणि त्याहूनही अधिक, रोजच्या अर्ध्या-पाऊण तासाचा.

२०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने गेल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडे तो तरुण वयातही बराच आढळतो. पण पाळी गेल्यावर धोका संपला ही समजूत खोटी आहे. वयाबरोबर तो वाढतो.

पाळी थांबली की बीजकोषातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होणे जवळजवळ बंद होते. तरीही शरीरात इस्ट्रोजेन राहते. ते आता मुख्यतः चरबीत तयार होते. पोटावर, कमरेवर चरबी जितकी जास्त, तितके ते जास्त. आणि स्तनातील बऱ्याचशा गाठी याच इस्ट्रोजेनवर पोसतात. नियमित व्यायामाने चरबी घटते, रक्तातले इन्सुलिन आटोक्यात राहते, इस्ट्रोजेनही कमी होते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात पाळी गेलेल्या ३२० स्त्रियांवर हे तपासले गेले. निम्म्या जणींना वर्षभर, आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास व्यायाम करायला सांगितला होता. वर्षअखेर त्यांच्या रक्तातले इस्ट्रोजेन इतर जणींपेक्षा कमी झाल्याचे दिसले. हा अहवाल २०१० सालचा.

प्रत्यक्ष आजाराचे काय? अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या ७४ हजार स्त्रियांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला सव्वा ते अडीच तास झपझप चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, धोका १८ टक्क्यांनी कमी आढळला. फ्रान्समधल्या ५९ हजार स्त्रियांच्या पाहणीत (२०१४) आठवड्याला साधारण चार तास चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांचा धोका १० टक्क्यांनी कमी होता. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पूर्वी व्यायाम करून नंतर सोडून दिलेल्या बायकांमध्ये हा फायदा उरला नव्हता. म्हणजे शाळेत खो-खो खेळले होते, ही पुण्याई पुरत नाही. उलट, ‘आता या वयात काय उपयोग?’ असे म्हणण्याचेही कारण नाही.

टक्क्यांनी मात्र कोणी हुरळून जाऊ नये. समजा हजार जणींपैकी वीस जणींना आजार होणार असेल, तर १८ टक्के घट म्हणजे वीसाऐवजी सोळा-सतरा जणी. चालणाऱ्या बाईलाही कर्करोग होतो. हे ठासून सांगायला हवे, कारण आजारी बाईला दोष देण्याची आपल्या समाजाला भारी हौस. आधी ‘पूर्वजन्मीचे पाप’ म्हणत, आता ‘व्यायाम केला नाहीस ना?’ म्हणतील.

वस्तीतल्या बैठकीत मी हे सारे मांडले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “ताई, मी चार घरची धुणीभांडी करते, दोन बस बदलते. अजून किती चालू?” सगळ्या हसल्या, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यांना ‘चाला’ म्हणणे ही चेष्टाच आहे. त्यांची गरज विश्रांतीची, पोटभर सकस जेवणाची आणि तपासणीची. सल्ला खरा लागू पडतो तो जिचे दिवसाचे बहुतेक तास शिलाई मशीनवर, दुकानाच्या गल्ल्यावर, नातवंडे राखत किंवा टीव्हीपुढे भाजी निवडत बसून जातात, तिला. अशा बायका आपल्या वस्त्यांतही आता खूप आहेत.

“मग घरकाम हाच व्यायाम!” असे घरोघरचे पुरुष म्हणतीलच. गंमत म्हणजे त्यांच्या हाती पुरावाही आहे. युरोपातील दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या २००७ सालच्या एका अभ्यासात भरपूर घरकाम करणाऱ्यांमध्ये या आजाराचा धोका कमी दिसला. बाईच्या श्रमाची निदान कुठेतरी मोजदाद झाली, याचा मला आनंदच आहे! पण त्यावरून लादी पुसणे हे औषध ठरत नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७. व्यायाम इतका गुणकारी असेल, तर तो घरात वाटून घ्यायला कोणाची हरकत नसावी.

खरी अडचण ज्ञानाची नाही, वेळेची आणि जागेची आहे. पहाटे पाणी येते. संध्याकाळी स्वयंपाक. दुपारी बारा ते चार थोडी उसंत, तर आमच्या वस्तीजवळचे उद्यान नेमके तेव्हाच बंद. रस्त्याला पदपथ नाही, असेल तिथे गाड्या लावलेल्या. पाळी गेलेल्या कितीतरी जणींना लघवी धरवत नाही, आणि वाटेत स्वच्छतागृह नाही. एकटी बाई विनाकारण फिरताना दिसली की ‘कुठे निघालात?’ हा प्रश्न ठरलेला. ‘कुठेच नाही, चालतेय’ हे उत्तर द्यायला अजून धीर लागतो.

तपासणीचे महत्त्व चालण्याने कमी होत नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. महागडे यंत्र नाही, फक्त शिकलेले हात. तीस वर्षांपुढच्या स्त्रियांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमात कागदावर आहे. आपल्या आरोग्यकेंद्रात ती कोणत्या वारी होते, कोण करते, पडदा आहे का, हे गटाने जाऊन विचारावे.

आमच्या गटातल्या अकरा जणी सध्या दुपारी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारतात. मुख्याध्यापकांनी फाटक उघडे ठेवायचे कबूल केले आहे, तेही सुटीचे दिवस सोडून. उद्यान दुपारी उघडावे आणि तिथले स्वच्छतागृह चालू करावे, असा अर्ज सह्यांनिशी नगरसेवकांच्या कार्यालयात दिला आहे. तुमच्या भागात असे प्रयत्न झाले असतील, तर अर्जाच्या प्रतीसह आम्हाला कळवा. पुढच्या अंकात छापू.