वल्हे वेळेवर हाती यावे

दरवर्षी जूनअखेर ते जुलैच्या प्रारंभी इंग्लंडमधील हेन्ली येथे थेम्स नदीवर नौकाशर्यती भरतात. १८३९ पासूनची ही परंपरा आहे. एका वेळी दोनच नौका सुटतात, प्रवाहाविरुद्ध २,११२ मीटर अंतर कापतात आणि हरणाऱ्याची स्पर्धा तेथेच संपते. १९३३ साली अमेरिकेतील केंट स्कूलची मुले अटलांटिक ओलांडून आली आणि थेम्स चॅलेंज कप जिंकून गेली. १९४६ पासून शालेय संघांसाठी तेथे प्रिन्सेस एलिझाबेथ चॅलेंज कप ही स्वतंत्र स्पर्धाच सुरू झाली.

परदेशी जाणाऱ्या शालेय संघाची तयारी ही एक तपश्चर्याच असते. पहाटे पाण्यावर, सायंकाळी व्यायामयंत्रावर आणि मधल्या वेळेत अभ्यास! आठ वल्हेकरी आणि एक सुकाणूधारी. आठांपैकी एकाचे वल्हे क्षणभर उशिरा पाण्यात पडले, तरी नौकेचा वेग मोडतो. सुमारे साठ फूट लांबीची ही नौका सोबत नेणे सोपे नसल्याने पुष्कळदा परक्या, भाड्याच्या नौकेशी दोन-चार दिवसांत जुळवून घ्यावे लागते. या खेळात कोणी एकटा चमकत नाही. संघभावनेवर शंभर व्याख्याने देऊन जे साधत नाही, ते एका हंगामात साधते.

मग महाराष्ट्रातील किती शाळांतील मुलांच्या हाती वल्हे येते? आपल्याकडे परंपरा नाही असे नव्हे. पुण्यात रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबची रेगाटा पुणेकरांच्या पिढ्यांनी पाहिली आहे. पण हे सारे महाविद्यालयाच्या किंवा क्लबच्या उंबरठ्याआत. शाळकरी मूल काठावरच उभे!

दत्तू भोकनळ यांचे उदाहरण बोलके आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात, पाण्यासाठी वणवण करणाऱ्या भागात ते वाढले. नौकेशी त्यांची गाठ पडली ती सैन्यात भरती झाल्यावर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरी स्कल्समध्ये तेरावे आले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. सैन्याचे हे ऋण मान्य करूनही प्रश्न उरतोच. हेच वल्हे त्यांच्या हाती चौदाव्या वर्षी आले असते तर?

खेळ महाग आहे, हा आक्षेप खरा आहे. एकेका शाळेला नौका परवडणार नाही. परंतु एका जलाशयाच्या परिसरातील पाच-सहा शाळांना मिळून एक नौकाघर चालवणे अशक्य नाही. सहकाराची सवय असलेल्या महाराष्ट्राला तर हे अवघड वाटू नये. पालकांची भीतीही रास्त आहे. म्हणून आधी पोहणे, जीवरक्षक नौका, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि नंतरच वल्हे, हा क्रम कटाक्षाने पाळला पाहिजे. नद्यांचे काय, हा मात्र खरा लाजिरवाणा प्रश्न आहे. जलपर्णी आणि सांडपाण्याने भरलेल्या मुळा-मुठेत मुलांना कोणत्या तोंडाने उतरवायचे? नदी शुद्ध करण्याची निकड आपल्याला आपल्या मुलांच्या निमित्ताने तरी वाटावी.

कोकणासाठी तर संधी दारात उभी आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सागरकिनाऱ्यावरील नौकाशर्यतींचा प्रथमच समावेश होत आहे. लाटा ओळखणारी मुले आपल्या कोळीवाड्यांत आहेत. त्यांना हेरणारी शाळा हवी.

वल्हेकऱ्यांची पाठ नेहमी ध्येयाकडे असते. पुढची वाट दिसते ती सुकाणूधाऱ्याला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून ते सारे बळ लावतात. आपली मुले बळ लावायला तयार आहेत. सुकाणू धरण्याची जबाबदारी शिक्षणसंस्था, शासन आणि समाज या नात्याने आपली आहे. ती आपण कधी स्वीकारणार?