आधी हवा, मग पाणी

गेल्या डिसेंबरात न्यू जर्सीत एडिसनला भाच्याकडे गेलो, तेव्हा त्याचा संगणक जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवलेला होता आणि त्याच्याखाली पेपर टॉवेल चार पदरी पसरलेला होता. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड गार ठेवायला त्याने स्वतः पाण्याचा लूप बसवला होता: ॲक्रिलिकची टाकी, पंप, दोन रेडिएटर, पारदर्शक नळ्या. टाकीत बुडबुडे थांबत नव्हते, पातळी आठवड्याला अर्धे पेर उतरत होती आणि कागद मात्र कोरडा होता. "मामा, गळत तर काहीच नाही, मग पाणी जातंय कुठे?"

त्याला सल्ल्यांची वाण नव्हती. त्यातले बरेचसे सल्ले या छंदात वर्षानुवर्षे तोंडोतोंडी फिरतात आणि बहुतेक चुकीचे आहेत. लोकांचे कष्टाचे पैसे त्यात बुडतात, म्हणून ते एकेक करून खोडायला हवेत.

पहिला सल्ला: जोड गळत असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि पान्ह्याने आवळा. अमेरिकेत हा सल्ला स्वाभाविक वाटतो, कारण इथल्या घरगुती नळकामात एनपीटी आटे वापरतात. ते निमुळते असतात, आटे आट्यांत रुतून पाणी अडते आणि टेप तिथे उपयोगी पडते. संगणकाच्या लूपमधले आटे जी-पाव इंचाचे, म्हणजे सरळ. पाणी अडवण्याचे काम तिथे आट्यांचे नाहीच, ते खालच्या रबरी ओ-रिंगचे आहे, आपण ज्याला वायसर म्हणतो त्याच कुळातले. टेप लावली की ती ओ-रिंग नीट बसू देत नाही आणि तिचे तुकडे पंपात जातात. शिवाय पाव इंची एनपीटीला इंचाला 18 आटे असतात, जी-पाव इंचाला 19. दोन्ही हातात घेतले तर सारखेच वाटतात, पहिले दोन फेरे बसतातही, आणि मग जोर लावावा लागतो. भाच्याने पाणी काढायची तोटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणली होती. ती टाकीच्या बुडाला टेप गुंडाळून बसवलेली. मी मोबाइलचा दिवा तिरका धरला तेव्हा भोकाच्या कडेपासून निघालेली केसाएवढी चीर चमकली आणि तिच्या टोकाशी वाळलेल्या निळ्या रंगाची नखभर कड दिसली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असे झाले होते. इथे तर औषधाने पखालच फाडली. ॲक्रिलिकमध्ये जोड हातानेच आवळावा. ओ-रिंग किंचित दबली की काम झाले.

दुसरा सल्ला जास्त घातक, कारण तो शहाणपणाचा वाटतो: चोवीस तास नुसता पंप चालवा, कागद कोरडा राहिला की लूप पास. मला हे मान्य नाही. त्या चोवीस तासांत पाणी खोलीइतकेच गार असते. खरा वापर सुरू झाला की ते 40 अंशांपर्यंत तापू शकते, आणि 20 वरून 40 अंशांवर जाताना एक लिटर पाणी साधारण 6 मिलिलिटर फुगते. आत दाब वाढतो आणि बारीक चिरेतून पाणी बाहेर ढकलले जाते. पंख्याच्या वाऱ्यात आणि हिवाळ्यात हीटरने कोरड्या झालेल्या हवेत तो थेंब कागदावर पडण्याआधीच उडून जातो. मागे राहते ती फक्त रंगाची कड. रात्री यंत्र बंद केले की पाणी आकसते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्याच चिरेतून हवा आत ओढली जाते. लूप असा श्वास घेत राहतो. रोज नवे बुडबुडे, रोज थोडे कमी पाणी, कागद कोरडा. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. गळती आणि बुडबुडे हे दोन वेगळे आजार समजून लोक दोन वेगळे उपाय करत बसतात.

सगळेच बुडबुडे गळतीचे नसतात, हेही मान्य केले पाहिजे. ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते, पाणी तापले की तिच्यातली थोडी बाहेर येते. पण लिटरमागे ती काही मिलिलिटरच. पहिल्या एक-दोन आठवड्यांत असे झाले आणि थांबले तर चिंता नाही. परतीचे पाणी टाकीत उंचावरून पडत असेल तर तेच हवा घुसळून आत नेते. परतीचे तोंड पाण्याखाली न्यावे किंवा पंपाचा वेग उतरवावा.

"शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत टाकी काठोकाठ भरा" हा तिसरा सल्ला. वर 10 मिलिलिटरच हवा ठेवली आणि पाणी 6 मिलिलिटर फुगले, तर ती हवा 4 मिलिलिटरच्या जागेत कोंबली जाते आणि दाब अडीच पटींच्या घरात जातो. नळ्या थोड्या ताणल्या जातात म्हणून प्रत्यक्षात तो थोडा कमी राहतो, इतकेच. 100 मिलिलिटर हवा असेल तर वाढ बारच्या सातव्या भागाएवढीच. टाकीच्या माथ्यावर दोन बोटे हवा राहू द्या. ती लूपची उशी आहे.

डिस्टिल्ड पाण्यातून वीज वाहत नाही, म्हणून गळले तरी बिघडत नाही, असेही सांगतात. दुकानातून आणलेल्या गॅलनच्या कॅनपुरते हे जवळपास खरे. तांबे, निकेल आणि बोर्डावरची धूळ यांना लागलेले पाणी तसे राहत नाही. वीज खरोखर न वाहणारा द्रव निराळाच असतो: 1985 च्या क्रे-2 महासंगणकाचे सर्किट ज्यात बुडवून ठेवत, तो फ्लोरिनर्ट.

यावर ताई म्हणाली, "पाणी आणि वीज एकत्र आणायचीच कशाला?" आक्षेप रास्त आहे, पण इतिहास त्याच्या विरुद्ध आहे. आयबीएमच्या 1980 च्या 3081 यंत्रात चिपांची उष्णता पाण्यानेच वाहून नेली जाई. टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेचा फ्रंटियर महासंगणक 2022 मध्ये वेगात जगात पहिला आला, त्यात मिनिटाला सुमारे 6000 गॅलन पाणी फिरते. 2004 च्या द्रवशीतित पॉवर मॅक जी5 मध्ये काही वर्षांनी अनेक ठिकाणी जोड पाझरले, हेही खरे. त्यावरून पाणी वाईट ठरत नाही. सील म्हातारे होतात आणि ते तपासत राहावे लागतात, एवढेच ठरते.

मग करावे काय? आपला सायकलचा पंक्चरवाला करतो तेच. तो ट्यूबमध्ये आधी हवा भरतो, मग घमेल्यातल्या पाण्यात फिरवतो. लूप कोरडा असतानाच हातपंप आणि दाबमापक लावून अर्धा बार हवा भरा. भाग बनवणाऱ्याने मर्यादा दिली असेल तर तिच्या आतच राहा. रात्रभर काटा बघा. इथे थर्मोस्टॅट रात्री 68 वरून 61 फॅरनहाइटवर उतरला तर गळती नसतानाही काटा 0.02 बारने खाली येतो. त्याला घाबरू नका. त्याहून जास्त उतरला तर जोडांना ब्रशने साबणाचे पाणी लावा, फेस जिथे फुगेल तिथे दोष.

काटा स्थिर राहिला तरच पाणी भरा. मदरबोर्ड आणि कार्डाच्या केबल काढून ठेवा. पॉवर सप्लायच्या 24 पिनी जोडातली हिरवी तार काळीला जोडून फक्त पंपाला वीज द्या. पंप कोरडा क्षणभरही फिरू देऊ नका, त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचेच असते. थोडे चालवा, थांबवा, भरा. मग टाकीचे झाकण लावून यंत्र पुढे, मागे, दोन्ही कुशींवर कलते करा. रेडिएटरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा गडगडत टाकीकडे येते, तो आवाज ओळखता येतो.

भाच्याने टाकी बदलली, तोटी सरळ आट्यांची आणली, टेपचे रीळ गॅरेजमध्ये परत ठेवले. रात्री दहाला 0.50 वर असलेला काटा सकाळी सातला 0.48 वर होता. थर्मोस्टॅट 61 दाखवत होता.