दुधाचे दात, हालु हल्लु

गेल्या महिन्यात लेकीकडे सावलीला जाऊन आले. गुजरातेत, बडोद्यापासून तीसेक किलोमीटरवरचं हे गाव. जावई तिथे मेट्रोचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. नातू सात महिन्यांचा.

पोहोचले तर बाळ लाळेने चिंब, दोन्ही मुठी तोंडात आणि रात्रभर किरकिर. खालच्या हिरडीवर बोट फिरवलं, तर दाताचं टोक लागलं. बेळगावहून विहीणबाईंचा फोन आला, "हल्लु बराकत्याव, अष्ट!" मीही लगेच पिशवीतून टाकणखाराची लाही आणि मध काढला. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच हिरडीला चोळत आले. लेकीने हात धरला. "आई, डॉक्टरांनी दोन्ही नको म्हणून सांगितलंय."

राग आला, पण कारण ऐकून गप्प बसले. टाकणखार पोटात गेला तर तान्ह्याला विषबाधा होऊ शकते. मधामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होण्याची भीती असते. हिरडी बधिर करणारी बेंझोकेनची जेलही दोन वर्षांच्या आत वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता.

मग करायचं काय? लेकीने फ्रिजमधून टीदर काढून दिला. बाळाने तो कचाकचा चावला आणि शांत झालं. टीदर एकसंध रबराचा किंवा सिलिकॉनचा घ्यावा, आत पाणी भरलेला नको. फ्रिजमध्ये ठेवावा, पण फ्रीजरमध्ये नाही. दगडासारखा कडक झाला तर हिरडी दुखावते. रोज धुवावा आणि दोरीने गळ्यात कधीही बांधू नये. टीदर नसेल तर स्वच्छ ओलं फडकं गार करून द्यावं, किंवा हात धुऊन बोटाने हिरडी हलकेच चोळावी.

तिसऱ्या दिवशी बाळाला १०१ ताप आला, जुलाबही सुरू झाले. मी म्हटलं, "दातांचेच आहेत, थांबतील." लेक थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, दातांमुळे अंग किंचित कोमट होतं, १००.४ च्या वर ताप किंवा जुलाब असले तर कारण दुसरं शोधायचं. सहा महिन्यांनंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती कमी होत जाते आणि त्याच वेळी बाळ दिसेल ते तोंडात घालतं. आजार आणि दात एकाच सुमारास येतात, म्हणून दोष दातांवर जातो. ओआरएस आणि झिंक दिलं, अंगावरचं दूध चालूच ठेवलं. चार दिवसांत बाळ खेळू लागलं.

आपण दुधाचे दात म्हणतो, विहीणबाई हालु हल्लु म्हणतात, सावलीच्या शेजारणी दूधिया दांत. असे वीस दात यायला अडीच-तीन वर्षं लागतात. मैत्रिणींनो, तेवढ्या काळातला प्रत्येक ताप दातांच्या नावावर घालू नका. मी तर घालूनच बसले होते.