सत्तर म्हणजे सावली की उजेड?

या पानावर मी एरवी डाळिंबावरच्या तेल्यावर नाहीतर उसातल्या हुमणीवर लिहितो. आज गाडीच्या काचेवर लिहिणार आहे. विस्तार अधिकाऱ्याला गाडीच्या काचेचं काय पडलंय, असं तुम्ही म्हणाल. म्हणायला हरकत नाही, पण शेवटपर्यंत वाचा. कारण या विषयात एक चूक माझ्याकडूनच झालेली आहे, आणि तिची किंमत मी भरलेली नाही, दुसऱ्याच कुणीतरी भरली.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात आता वस्तीवस्तीवर चारचाकी उभी दिसते. डाळिंबानं दिली, द्राक्षानं दिली, काहींना उसाच्या बिलानं दिली. चांगली गोष्ट आहे. घाम गाळणाऱ्यानं गाडीत बसू नये असं कुठं लिहिलेलं नाही. गाडी आली की पहिल्या आठवड्यात नारळ फुटतो, नंबरप्लेटच्या वर गावाचं नाहीतर पोराचं नाव येतं, आणि मग काचांना काळी फिल्म. आपल्याकडचं ऊन बघता ते साहजिकही वाटतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो, दुपारी स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो.

असाच एक तरुण डाळिंब बागायतदार सांगोला भागातला. शेततळ्याच्या कामामुळं ओळख झालेली. नवीन गाडी घेतली आणि थेट दुकानातून मला फोन लावला. "साहेब, फिल्म घालायलोय. किती टक्क्याची घालू वो?" मी तेव्हा एका शेडनेटच्या पाहणीत होतो. कायद्यातला सत्तरचा आकडा कुठंतरी वाचलेला डोक्यात होता. म्हटलं, "सत्तरची घाल, म्हणजे पोलीस अडवणार नाहीत." आणि फोन ठेवून दिला. तो बिचारा दुकानदाराला म्हणाला, सत्तर टक्केवाली द्या. दुकानदारानं सत्तर टक्के काळी दिली. त्यानं मागितली तीच दिली, त्याचा तरी काय दोष!

इथंच गोम आहे. आपल्याला टक्क्याचा हिशेब शेडनेटवरून माहीत असतो. पन्नासची नेट म्हणजे निम्मी सावली, पंचाहत्तरची नेट म्हणजे त्याहून दाट. आकडा वाढला की अंधार वाढला. रोपवाटिकेला पन्नासची चालते. ढोबळी मिरचीवर कुणी पंचाहत्तरची टाकली तर झाडं सावलीत शेलाटी वाढतात, फूल धरत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडीच्या काचेचा कायदा मात्र उलटा मोजतो. तिथं आकडा सावलीचा नसून काचेतून पार होणाऱ्या उजेडाचा असतो. सत्तर म्हणजे शंभरातला सत्तर भाग उजेड पार गेलाच पाहिजे. म्हणजे आपल्या शेडनेटच्या भाषेत ती फक्त तीसची नेट झाली. फिल्मच्या दुकानात काहीजण उजेडाचा आकडा बोलतात, काहीजण काळेपणाचा, आणि गिऱ्हाईक नुसतीच मान डोलावतं.

दुसरी गोष्ट याहून जास्त लोकांना ठाऊक नाही. काच मुळातच सगळा उजेड सोडत नाही. कंपनीतून आलेली बाजूची काच हलकी हिरवट असते, तिच्यातून साधारण ७५ टक्के उजेड येतो असं धरा. कुठल्या गाडीत थोडा कमी, कुठल्या गाडीत जास्त. आता तिच्यावर निम्मा उजेड सोडणारी, म्हणजे पन्नासची फिल्म चढवली. तुम्ही म्हणाल, पन्नास झाले, कायद्यात बसलं. नाही बसलं. पंचाहत्तरचे निम्मे साडेसदतीस. दोन नेट एकावर एक ताणल्या तर खाली किती ऊन उरेल, तसा हा हिशेब आहे. बाजूच्या काचेतून पन्नास टक्के उजेड यायचा असेल तर फिल्म निदान सदुसष्ट-सत्तर टक्के उजेड सोडणारी हवी, आणि ती हातात धरली तर जवळजवळ पांढरीच दिसते. आमच्या त्या बागायतदाराच्या फिल्ममधून तीसच टक्के पार व्हायचे. पंचाहत्तरवर तीस म्हणजे साडेबावीस. शंभरातला पाव भागसुद्धा नाही.

दुपारी त्याचं काहीच वाटलं नाही. दुपारी आपल्याकडं उजेड इतका सांडलेला असतो की त्यातला पाव भागही पुरतो. संध्याकाळी सात वाजता तोच पाव भाग म्हणजे काहीच नाही.

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. हंगाम भरात होता. दिवस मावळून गेलेला, फडातून डांबरीवर यायचा कच्चा रस्ता, उजवीकडून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. त्याचे दिवे डोळ्यावर, हवेत धुरळा. हा ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबला, मग डावीकडं वळला. डावीकडून साइडपट्टीनं एक ऊसतोड बाई डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन येत होती. हा सांगतो, डावीकडच्या काचेतून त्याला नुसतं काळं दिसलं. गाडीला वेग नव्हता म्हणून जीव वाचला. गुडघ्याखालचं हाड मोडलं.

सगळा दोष काचेचा, असं मी म्हणणार नाही. ट्रॅक्टरचे दिवे होते, बाईच्या अंगावर गडद लुगडं होतं, रस्त्यावर खांब नाही. पण काच उघडी असती तर दिसली असती का, असं मी त्याला विचारलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

दवाखान्याचा खर्च त्यानं केला, तिथं कसर ठेवली नाही. पण ऊसतोडीचा हिशेब तुम्हाला माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती कोयत्यावर. बाई खाटेवर पडली की कोयता अर्धा होत नाही, मोडतो. मोळ्या बांधणार कोण, डोक्यावरून ट्रॉलीत चढवणार कोण? बीडकडचं जोडपं होतं, दोन लहान पोरं कोपीवर. हंगाम अर्धा गेला, उचल अंगावर राहिली. ती पुढच्या हंगामात फेडायची. गाडी कुणाची, सल्ला कुणाचा, आणि वहीत कर्ज कुणाच्या नावावर! त्या दिवसापासून मला कुणी फिल्मचं विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुझ्या गाडीच्या बाहेर कोण कोण असतं?

कारण आपले रस्ते मुंबई-पुण्याचे नाहीत. आपल्याकडं रात्री मागं दिवा नसलेली ट्रॉली असते, आणि तिला लाल पट्टी असली तरी लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेली. बैलगाडी असते. पहाटे पाण्याची पाळी धरायला निघालेला म्हातारा असतो, अंगावर काळं घोंगडं. आषाढीला अंधारातच चालायला लागलेली दिंडी असते. अशा रस्त्यावर आपण होऊन डोळ्यावर पट्टी बांधायची, त्याला शहाणपण कसं म्हणावं? वय झालेल्यांनी तर अजिबात नको. पन्नाशीनंतर अंधारात डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यात मोतीबिंदूची सुरुवात असली तर आधीच नेट ताणलेली असते.

आता उन्हाचं. काळी काच म्हणजे थंड गाडी, हा समज निम्मा खोटा आहे. उन्हातली निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त उष्णता डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते. साधी रंगाची काळी फिल्म दिसणारा उजेड अडवते, पण ही उष्णता पुरती अडवत नाही. शिवाय जे शोषून घेते त्यानं काचच तापते आणि आत धग देत राहते. उलट चांगल्या प्रतीची सिरॅमिक फिल्म दिसायला जवळपास स्वच्छ असते आणि अवरक्त किरण बरेच अडवते. अतिनील किरणांचंही तसंच, चांगली फिल्म पांढरी असो की काळी, ते जवळजवळ सगळे रोखते. म्हणजे गारवा हा काळेपणावर नाही, फिल्मच्या जातीवर आहे. महाग पडते, हे खरं.

आणि उभ्या गाडीला तर कुठलीच फिल्म पुरत नाही. उन्हात बंद गाडीचं आतलं तापमान तासाभरात वीसेक अंशांनी चढतं. आमचेच काही शेतकरी ट्रायकोडर्माच्या आणि रायझोबियमच्या पुड्या घेऊन जातात, गाडीत टाकतात, बाजार करतात आणि संध्याकाळी घरी. आतले जिवाणू-बुरशी तोवर शिजून जातात आणि मग "साहेब, जैविकाचा गुण येत नाही" म्हणून मला ऐकवतात. पुड्यांचं एक वेळ ठीक, लेकरू कधी बंद गाडीत ठेवू नका, काच कितीही काळी असो. गाडी सावलीला लावा, पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा उभा करा, निघताना चारी दारं उघडून दोन मिनिटं धग बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. एवढ्यानं होतो तो फरक पाव भाग उजेडाच्या फिल्मनंही होत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०० वा नियम पुढच्या-मागच्या काचेला किमान ७० आणि बाजूच्या काचांना किमान ५० टक्के उजेड सांगतो. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हे आकडे कंपनीच्या काचेचे आहेत, वरून कुठलीच फिल्म चिकटवायची नाही. ४ मे २०१२ पासून ते लागू झालं. पुढं नियमात बदल झाला, आणि १ एप्रिल २०२१ पासून आतल्या बाजूनं प्लास्टिकचा थर असलेली सुरक्षा काच मानकात बसत असेल तर चालेल असं आलं. त्याचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं की ७० आणि ५० चे आकडे पाळणारी अशी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. पण तो निकाल केरळचा. आपल्याकडं नाक्यावरच्या हवालदाराला तो वाचून दाखवायची तयारी असेल तरच पुढं जा. मात्र यातल्या कुठल्याच कागदात काळ्या काचेला परवानगी नाही, एवढं पक्कं.

यावर दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक, बाजारातून डाळिंबाची पट्टी घेऊन येताना रोकड असते, आतलं दिसू नये. दुसरी, घरातल्या बायकांना बरं पडतं. रोकडीचं म्हणाल तर पट्टी बँकेत जमा करून घ्या, किंवा पिशवी सीटखाली ठेवा. काळ्या काचेची गाडीच उलट नजरेत भरते. बायकांचं मी माझ्या घरी विचारलं. उत्तर आलं, "आत कोण बसलंय ते बाहेरच्याला दिसलं तर आम्हालाच बरं." तिसरं कारण रुबाबाचं, ते कुणी तोंडानं सांगत नाही. पुढाऱ्याची गाडी काळ्या काचेची म्हणून आपलीही. त्यावर मी काय लिहू!

माझं मत विचाराल तर पुढच्या काचेला काही नको, आणि पुढच्या दोन दारांनाही नको. आरसे याच काचांतून बघायचे असतात आणि वळणावर माणूस याच काचांतून दिसतो. मागं लेकरं, म्हातारी माणसं बसतात, त्यांना ऊन लागतं, तर मागच्या दारांना स्वच्छ सिरॅमिक. तीही दुकानदाराकडून बिलावर "काच आणि फिल्म मिळून उजेड किती टक्के" असं लिहून घेऊनच. नुसता फिल्मचा आकडा घेऊ नका. तो लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

आधीच फिल्म असलेल्यांनी आज संध्याकाळीच एक करून बघा. दिवस मावळल्यावर अर्ध्या तासानं गाडी वस्तीच्या रस्त्यावर उभी करा, दिवे बंद. घरातल्या कुणालातरी गडद कपडे घालून डाव्या बाजूला वीस पावलांवर उभं राहायला सांगा. काच बंद ठेवून बघा, मग काच खाली करून बघा. मी हे माझ्या हेल्मेटबरोबर केलं, त्याची काच धुरकट होती. दुसऱ्या दिवशी पांढरी काच बसवून घेतली.

त्या बागायतदारानं फिल्म स्वतःच काढली. तुम्हालाही काढता येईल. भर दुपारी काच तापलेली असताना कोपरा नखानं उचला आणि सावकाश ओढा, घाई केली की तुकडे पडतात आणि गोंद काचेवर राहतो. उरलेला गोंद साबणाच्या कोमट पाण्यानं भिजवून काढायचा. मागच्या काचेवर आडव्या तांबूस रेघा असतील तर तिथं ब्लेड लावू नका. त्या वाफ घालवायच्या तारा असतात, एक तुटली की ती ओळ गेली.