मॅकार्थीच्या आधीचा मॅकार्थीवाद

‘मॅकार्थीवाद’ हा शब्द भांडवली वृत्तपत्रांनी इतका स्वस्त केला आहे, की एखाद्या मंत्र्यावर कोणी कठोर टीका केली तरी तिला हेच नाव दिले जाते. भाषांतर करताना या शब्दापाशी थांबावेच लागते. ‘वाद’ म्हटले की मराठी वाचक विचारप्रणाली शोधू लागतो. येथे विचार नाहीच, आहे ती केवळ कार्यपद्धती. आरोप आधी करायचा आणि निष्ठा सिद्ध करण्याचा भार आरोपीच्या शिरावर टाकायचा.

९ फेब्रुवारी १९५० रोजी व्हीलिंग येथे सिनेटर जोसेफ मॅकार्थीने परराष्ट्र खात्यातील २०५ कम्युनिस्टांची यादी आपल्या हाती असल्याचे सांगितले. काही दिवसांतच २०५ चे ५७ झाले, सिनेटमध्ये ८१. २०५ नावांची ती यादी जगाने कधी पाहिली नाही. मार्चमध्ये व्यंगचित्रकार हर्बर्ट ब्लॉकने डांबराच्या पिंपावर हा शब्द लिहिला आणि तो रूढ झाला.

परंतु या जन्मकथेतच उदारमतवाद्यांची सोय दडलेली आहे! एका बेताल सिनेटरच्या माथी सारे पाप मारले, की व्यवस्था सोवळी राहते. सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी ट्रूमनने २१ मार्च १९४७ च्या आदेशाने सुरू केली होती. हॉलिवूडच्या लेखकांची उलटतपासणी त्याच वर्षीची, आणि तीही प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे. मॅकार्थीचा तिच्याशी संबंध नव्हता. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याची निर्भर्त्सना केली, ती कशाबद्दल? सिनेटच्या समित्यांशी केलेल्या वर्तनाबद्दल. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्याविषयी ठरावात अवाक्षर नाही. प्रतिनिधीगृहाची समिती तर १९७५ पर्यंत जिवंत होती.

आपल्याकडे हे काम पोलिसांचा गोपनीय अहवाल करतो. १९४९ च्या सुरक्षा नियमांखाली रेल्वेतील कम्युनिस्ट कर्मचाऱ्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई उचलून धरली. १९८३ मध्ये त्याच न्यायालयापुढे मध्य प्रदेशातील एक शिक्षक आला. संघ व जनसंघाच्या कार्यात भाग घेतल्याच्या पोलीस अहवालावरून त्याची नोकरी गेली होती. उमेदवाराच्या राजकीय श्रद्धेविषयी पोलिसांचा अहवाल मागविणे हेच मूलभूत हक्कांच्या मुळावर येणारे आहे, असा निर्वाळा न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी दिला.

तो शिक्षक आपल्या विरोधी गोटातला, म्हणून या निकालाकडे पाठ फिरविणारे कॉम्रेड आहेत. त्यांनी १९५७ च्या त्या रेल्वे कर्मचाऱ्यांना कोणता निकाल हवा होता, एवढेच स्वतःला विचारावे.