सेवेचा खर्च कोणी सोसायचा?

तासगाव तालुक्यातील खेड्यांत दुखणे हाताबाहेर गेले की 'आता मिरजेला न्या' असे म्हणण्याचा प्रघात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. हा प्रघात ज्यांच्यामुळे पडला ते डॉ. विल्यम जेम्स वानलेस जन्माने कॅनडाचे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे मिशन रुग्णालय सुरू झाले. पुढे तेथे वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली, कुष्ठरोग्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते.

वानलेस धर्मप्रचारक होते, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. रुग्णाच्या देहाबरोबर त्याच्या आत्म्याचीही चिंता वाहावी, अशीच त्या मिशनची धारणा होती. मात्र मिरजेत मोतीबिंदू काढून घेऊन आपल्या देवाकडे परतलेल्यांची गणती कोणी करू धजणार नाही, आणि सांगली जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकसंख्या आजही शेकडा एकाहून कमी आहे. केवळ बाप्तिस्म्यासाठी हा व्यवहार मांडला असता, तर तो केव्हाच दिवाळखोरीत निघाला असता. कुष्ठरोग्याला घरचे लोकही वेशीबाहेर ठेवीत आणि परिचारिकेचे काम प्रतिष्ठित घरांत हलके समजले जाई, त्या काळात जखमा धुण्यास जे हात पुढे आले त्यांत ख्रिस्ती स्त्रियांचे हात फार मोठ्या संख्येने होते. या स्त्रियांची नावे कोणत्याही फलकावर कोरलेली नाहीत.

ख्रिस्ती सेवावृत्तीविषयी बोलताना चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत सर्वांना आठवतो. पण त्यातील हिशेबाचा भाग बहुधा वगळला जातो. वाटेत लुटल्या गेलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधून तो शोमरोनी थांबला नाही. त्याने त्याला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हाती दोन नाणी ठेवली आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तोही भागवीन अशी हमी दिली. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर त्याने करुणेला वित्तपुरवठा केला. मिशन रुग्णालयांची जुनी पद्धत याच जातीची होती. परदेशी मंडळ्यांच्या देणग्या, संस्थानिकांचे साहाय्य आणि ऐपतदार रुग्णांकडून घेतलेले शुल्क, या तिन्हींच्या आधारावर गरिबाची खाट चाले. डॉक्टर अन्यत्र मिळू शकणाऱ्या प्राप्तीवर पाणी सोडून मिशनच्या तुटपुंज्या वेतनावर राबत. ही चौथी देणगी कोणत्याच जमाखर्चात दिसत नसे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी देणग्यांचा ओघ आटत गेला. मिरजेत १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, ही अर्थात इष्टच गोष्ट झाली. त्यामागोमाग खाजगी रुग्णालयांची दाटी झाली आणि ऐपतदार रुग्ण तिकडे वळला. ज्याच्या शुल्कातून गरिबाचा खर्च निघे तोच निघून गेल्यावर जुन्या संस्थेचे गणित कसे जुळावे? अलीकडच्या वर्षांत मिरजेच्या मिशन रुग्णालयाला जी आर्थिक ओढाताण सोसावी लागली तिचे मूळ कारभारातील गुणदोषांइतकेच या बदलातही शोधावे लागेल.

आज परोपकाराला कायद्याचे माप लागले आहे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने राज्यात लागू आहे. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची सरकारी आरोग्य योजनाही आहे. दोन्ही आवश्यक आहेत. तथापि उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि खाट रिकामी आहे की नाही याची चौकशी, या तीन उंबऱ्यांवर खेड्यातील माणूस अडतो आणि अखेरीस सावकाराकडे किंवा सोनाराकडे वळतो. टक्केवारी खाट राखून ठेवू शकते. त्या माणसाचा हात धरून त्याला खाटेपर्यंत नेणे तिला साधत नाही.

परदेशातील अनोळखी श्रद्धावंतांनी मिरजेसाठी पैसे पाठविले, तेव्हा त्यांना तासगाव कोठे आहे हेही ठाऊक नसावे. आता तासगाव तितके दरिद्री राहिलेले नाही. द्राक्षांनी आणि बेदाण्याने येथे पैसा खेळविला. येथील बेदाण्याचे सौदे दूरवर प्रसिद्ध आहेत. गणपतीच्या रथोत्सवाला लोटणारा समुदाय पाहिला म्हणजे श्रद्धेचीही वाण नाही हे कळते. सौद्याच्या उलाढालीतून नाममात्र रक्कम बाजूला काढून मिरज-सांगलीच्या रुग्णालयांत तालुक्याच्या नावाच्या काही खाटा चालविणे अशक्य नाही. रुग्णाचे कागद जमविण्यासाठी तेथे एक जाणता माणूस पगारावर बसवणेही तसे कठीण नाही. बाजार समिती, सहकारी संस्था आणि देवस्थान यांनी एकत्र बसून पहिल्या वर्षाचा अंदाज तरी मांडावा. सुरुवात चार खाटांची असली तरी चालेल.